डावी बाजू

दुकानदार: हे तिसरं. याच्या गाद्या मऊ आहेत, चष्म्याच्या काड्या टोचणार नाहीत. घालून बघा.

वन्सं: तिसरं! एवढ्या वेळात मी फ्रिज घेऊन घरी पोचले असते.

वहिनी: वन्सं, सोबत येते असं तुम्हीच म्हणालात. आता त्या स्टुलावर बसा आणि जरा गप्प राहा.

वन्सं: गप्प राहायचा नेम तुझा, माझा नाही. अहो, ही आमची वहिनी रोज सकाळी सहा ते सात एक शब्द बोलत नाही. लग्न झाल्यापासून. माझा दादा म्हणतो, दिवसातला तेवढाच तास माझा.

वहिनी: घरातलं सगळं दुकानात मांडा.

दुकानदार: मांडू द्या हो. आणि नेम म्हणाल तर या दुकानाचाही एक आहे. माझ्याकडचं गाणं वाजवून मी कुणाला हेडफोन विकत नाही. गिऱ्हाइकाने स्वतःचं आणायचं, तोंडपाठ असलेलं. ओळखीच्या आवाजात काय कमी पडतंय ते लगेच कळतं.

वहिनी: म्हणून तर हे आणलं. तुम्ही फोनवर सांगितलंत तसं.

दुकानदार: आणलंत खरं, पण लोक गाणी आणतात. तुमच्या या पेन ड्राइव्हमध्ये तर दोन माणसं भांडताहेत.

वहिनी: भांडण नाही, सुनावणी आहे. खोटी. मी ऐकून टाइप करते. सुनावणीत जे बोललं गेलं ते शब्दन् शब्द कागदावर उतरवायचं, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. खरं रेकॉर्डिंग ऑफिसबाहेर नेता येत नाही, म्हणून नव्या मुलींना सरावाला देतो ते आणलं. शेजाऱ्याशेजाऱ्यांचा भिंतीवरून वाद आहे. साहेब प्रश्न विचारतात, साक्षीदार उत्तरं देतो.

दुकानदार: साहेब उजवीकडून, साक्षीदार डावीकडून.

वहिनी: हो. सहा महिन्यांपूर्वी नवी यंत्रं आली, तेव्हापासून तसं येतं. पूर्वी सगळे आवाज एकत्रच यायचे.

वन्सं: आणि तेव्हापासूनच सगळं बिघडलंय. सांग ना त्यांना.

वहिनी: बिघडलंय काही नाही. ऑफिसच्या हेडफोनची एक बाजू गेलीय, एवढंच.

वन्सं: एवढंच? अहो, न ऐकू आलेल्या जागी ही लोकं कंसात "अस्पष्ट" असं लिहितात. हिच्या वरच्या बाईंनी परवा सगळा गठ्ठा परत पाठवला. म्हणाल्या, साक्षीदार तोंडातल्या तोंडात पुटपुटतो ते तुम्हाला ऐकू येतं, आणि साहेब टेबलावर मूठ आपटून विचारतात ते अस्पष्ट? सोमवारी परीक्षा आहे हिची. एक नवंकोरं रेकॉर्डिंग, समोर बसून. जमलं नाही तर फायली लावायच्या खोलीत.

वहिनी: फायली लावणं काही वाईट काम नाही.

वन्सं: मग परवा स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून कशाला उभी होतीस?

(वहिनी दुकानदाराकडे वळते.)

वहिनी: मी अंदाजाने कधी लिहीत नाही, भाऊ. बाकीच्या मुली मागचं-पुढचं बघून भरून टाकतात. पण त्या कागदावर कुणाचं तरी घर असतं, कुणाची तरी नोकरी असते. जे ऐकलं तेच लिहायचं, नाही ऐकलं तर नाही म्हणायचं. तोही माझा नेमच म्हणा.

दुकानदार: फार चांगलं. बरं, पाकिटात किती आहे ते तुम्ही सांगितलंत. त्यातच दोन्ही बसवायचं? हेडफोन आणि अँप्लिफायर?

वहिनी: त्यातच. उधारी नको. माझ्या पुतण्याने तो काचेच्या कपाटातला सांगितलाय. तीनशे ओहमचा. म्हणाला, काकू, स्टुडिओतली माणसं हाच वापरतात.

दुकानदार: तुमच्या पुतण्याचं चूक नाही. हेडफोन उत्तमच आहे. पण तीनशे ओहम म्हणजे अंगाने जड, आपणहून हलणार नाही. तुमच्या ऑफिसच्या संगणकाला लावलात तर दाराआडून बोलल्यासारखं येईल. त्याला मागून ढकलायला दमदार अँप्लिफायर हवा, आणि तो घेतलात तर पाकीट तिथेच रिकामं. उलट हा हातातला बत्तीस ओहमचा. याला छोटा अँप्लिफायरही पुरतो. याला जर तो मोठा लावला, तर शांततेतसुद्धा सूं सूं ऐकू येत राहील. दोघांचं एकमेकांशी जमायला हवं.

वन्सं: म्हणजे स्थळ बघितल्यासारखंच.

दुकानदार: तसंच. फक्त इथे आठ दिवसांत परत आणता येतं.

वन्सं: अगं बाई! ही सोय आमच्या वेळी असती तर!

वहिनी: वन्सं! लावा हो तुम्ही. हं. येतंय. हा मऊ आहे खरा. पण याचीही एका बाजूला ताकद कमीच. जरा वाढवा.

दुकानदार: वाढवलं.

वहिनी: अजून थोडं.

दुकानदार: ताई, मला इथे काउंटरच्या अलीकडे ऐकू येतंय, साहेब काय विचारताहेत ते.

वहिनी: असं? मग राहू द्या.

दुकानदार: आणि एक सांगू का? तिन्ही वेळा तुम्ही हेडफोन उलटा घातलात. ही खूण बघा, हा डावा. तुम्ही तो उजव्या कानावर ठेवता.

वहिनी: सवय हो. हाताला जसं येईल तसं.

दुकानदार: हाताला येतं तसं म्हटलं तर एकदा तरी सुलटा पडला असता. द्या, मी फिरवून देतो. असा. आता पुन्हा पहिल्यापासून लावतो. साक्षीदार काय म्हणतो ते मला सांगा.

वहिनी: साहेब विचारतात, भिंत कधी बांधली. तो म्हणतो, भिंत आधीपासून होती, झाड नंतर लावलं. मग साहेब म्हणतात, तुम्ही स्वतः पाहिलंत का? तो म्हणतो, माझ्या वडिलांनी पाहिलं, मी तेव्हा शाळेत होतो.

दुकानदार: अगदी बरोबर. स्पष्ट आलं?

वहिनी: हो, स्पष्ट.

दुकानदार: ताई, साक्षीदाराची बाजू मी मघाशीच बंद करून ठेवली होती. हे बटण बघा. डावीकडून काही म्हणजे काही वाजत नव्हतं.

वन्सं: काय?

वहिनी: नाही हो. मी ऐकलं त्याला. तो शेवटी खोकतोसुद्धा.

दुकानदार: खोकत असेल. तुम्हाला तो पाठ आहे.

वहिनी: पुन्हा लावा.

दुकानदार: लावतो. आता बटण तुमच्याच हातात ठेवा. हे बंद. हे चालू. बंद. चालू. काही फरक पडतो?

वहिनी: नाही पडत.

(वहिनी बटण दाबत राहते.)

वन्सं: वहिनी, पाणी देऊ?

वहिनी: नको. भाऊ, म्हणजे मी आत्ता अंदाजाने सांगितलं.

दुकानदार: अंदाज नाही तो. आठवण आहे.

वहिनी: कागदावर दोन्ही सारखंच. बावीस वर्षं मुलींना सांगत आले, ऐकलं नाही ते लिहू नका. आणि मी इथे बसून एका गप्प माणसाची साक्ष सांगितली. खोकल्यासकट.

दुकानदार: चूक माझी आहे, ताई. पाठ असलेलं आणा, हा नेम मी हेडफोन पारखायला केला. त्याने माणसाचा कान झाकला जाईल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. तुमच्या ऑफिसच्या हेडफोनला काही झालेलं नाही. तुमच्या हातांना तुमच्या आधी कळलं होतं. साक्षीदाराचं बोलणं महत्त्वाचं, म्हणून ते तुम्ही आपसूक चांगल्या कानाकडे न्यायला लागलात. मग साहेब पडले दुसऱ्या कानाकडे.

वन्सं: आणि ओरडले तरी अस्पष्ट.

वहिनी: तुम्हाला कसं कळलं?

दुकानदार: वीस वर्षं मोठमोठ्या कार्यक्रमांना स्पीकर लावले मी. पहाटेची पाखरं मला आता ऐकू येत नाहीत. बायको गॅलरीत बोट दाखवते, मी मान डोलावतो. "अजून थोडं वाढवा" कोण आणि कसं म्हणतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

वहिनी: मग तो मोठा अँप्लिफायरच द्या. हेडफोन कुठलाही चालेल. जोर वाढवला की या कानालाही पोचेल.

दुकानदार: तो मी तुम्हाला विकणार नाही.

वन्सं: अहो, ती पैसे देतेय!

दुकानदार: देताहेत म्हणूनच. डाव्याला पोचावं म्हणून आवाज चढवतील, आणि दिवसाचे आठ तास तोच आवाज उजव्यातही जाईल. आज एक कान आहे, तोही माझ्या हातून जायचा. त्यापेक्षा हे बघा. हा बत्तीसवाला हेडफोन, तुमच्या पाकिटाच्या निम्म्याहून कमी. आणि हा छोटा डबा, हाही अँप्लिफायरच. जुना आहे, मीच दुरुस्त केलेला. आवाज यात फार चढत नाही, पण याला हे मधलं बटण आहे. मोनोचं. दाबलं की दोन्ही बाजू एक होतात. साहेब आणि साक्षीदार दोघंही दोन्ही कानांत. पूर्वी तुमच्याकडे यायचे तसे. घाला, उलटा-सुलटा कसाही. आणि या वेळी तुमचं रेकॉर्डिंग नाही, माझं. तुम्ही कधी ऐकलेलं नाही असं.

वहिनी: लावा.

दुकानदार: आवाज मी कमीच ठेवतोय. बोला.

वहिनी: एक बाई आहे. म्हणते, दुपारी चारनंतर गोदाम बंद असतं. पुरुष विचारतो, किल्ली कुणाकडे. ती म्हणते, एक माझ्याकडे, दुसरी... थांबा. मागे घ्या जरा. दुसरी खिळ्याला. हो, खिळ्याला टांगलेली असते. त्यावर तो काहीतरी म्हणतो, दोन शब्द. ते अस्पष्ट.

दुकानदार: ते मलाही अस्पष्टच आहे. रेडिओवरचं जुनं नाटक आहे, तिथे फीत चुरगळलीय.

वन्सं: पास झाली! वहिनी, तू पास झालीस की!

वहिनी: सोमवारी हा डबा टेबलावर ठेवला तर बाई विचारतील, हा कशाला.

वन्सं: सांग, पुतण्याने दिला. आवाज गोड येतो म्हणून.

वहिनी: नको. जे आहे ते सांगेन. डावा कान अस्पष्ट, असं. मग परीक्षा घ्यायची की फायलींच्या खोलीत पाठवायचं ते त्यांनी ठरवावं.

वन्सं: आणि पाठवलं तर?

वहिनी: तर फायली नीट लागतील. पण वन्सं, या डब्याने ऐकू येतंय मला. तेही सांगेन. तेही खरंच आहे.

दुकानदार: उरलेल्या पैशांत आधी कानाच्या डॉक्टरकडे जा. सोमवारची वाट बघू नका. पुष्कळदा नुसता मळही असतो.

वन्सं: मळ निघाला ना, तर मी तुला जन्मभर ऐकवीन.

वहिनी: उजवीकडून ऐकवा म्हणजे झालं.

दुकानदार: डबा नीट गुंडाळून देतो. आठ दिवस वापरा, नाही जमलं तर परत आणा.

वहिनी: वन्सं, एक विचारू? तुम्ही आज सुट्टी काढून माझ्याबरोबर का आलात? हेडफोनमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही.

वन्सं: अशीच आले.

वहिनी: अशाच तुम्ही दळण आणायलासुद्धा जात नाही.

वन्सं: दादाने सांगितलं, जा म्हणून. मागे एकदा तू त्याला म्हणालीस ना, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद पडलीय, सेल बदला.

वहिनी: त्यांनी बदलला. त्याच दिवशी. माझ्या मौनाच्या तासात मी डोळे मिटून बसते, घड्याळ माझ्या डाव्या हाताला, मला त्याची टिकटिक लागते. म्हटलं, आठ दिवस झाले, येत नाही. सेल बदलला तरी येईना. मग मी पुन्हा काही बोलले नाही. म्हटलं, घड्याळच जुनं झालं असेल.

वन्सं: टिकटिक येतच होती, वहिनी. तो खुर्चीवर चढला, जुना सेल काढला, तोच परत घातला, आणि खाली उतरून मला फोन केला. तुला कसं सांगावं ते त्याला कळेना.

वहिनी: एवढे दिवस?

वन्सं: एवढे दिवस. रोज सकाळी तुझ्यासमोर गप्प बसून असतो तो. सात वाजले की तुझ्याआधी उठतो, बघितलंस का कधी? तुला वेळ कळावी म्हणून.

वहिनी: मला वाटायचं, चहाची घाई असते.

वन्सं: आता फोन करेल तो. काय झालं म्हणून विचारेल. काय सांगू?

वहिनी: काही सांगू नका. घरी गेलं की मीच त्यांना म्हणेन, उद्यापासून माझ्या उजव्या बाजूला बसा.