बरोबरीचा वाघ

नाही, पण मी म्हणते, "सुनेनं सासूला मारलं" हे धसईच्या भर बाजारात, भेंडीच्या ढिगाशेजारी उभं राहून म्हणायचं का कुणी? भाजीवाली माझ्याकडे अशी बघायला लागली की मी भेंडी न घेताच निघाले. अहो, मी नाही मारलं, फाशानं मारलं! आणि सासूबाई तिकडे घरी ओट्यावर बसून तांदूळ निवडतायत, चांगल्या धडधाकट. तरीसुद्धा तुम्हाला सांगते, मला मान वर करून बोलता येत नाही, कारण... थांबा, पहिल्यापासूनच सांगते.

आमची आरती कल्याणला कॉलेजात असते. उन्हाळ्याच्या सुट्टीत येताना तिनं मैत्रिणीकडून एक खेळ आणला. पट नाही, सोंगट्या नाहीत, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि फासे, त्यातला एक बोराएवढा आणि त्याला वीस बाजू. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, रानात शिरायचं, राक्षस आडवा आला की फासा टाकायचा, घाव बसला की नाही ते फासा सांगणार. प्रत्येकीपुढे तिच्या जिवाचे चिंचोके. घाव लागला की चिंचोके काढायचे, संपले की माणूस मेलं. दुपारची भांडी झाली की पडवीत आम्ही सगळ्या. माझी जाऊ रंगू झाली तलवारवाली, शेजारची बारकी झाली तिरंदाज आणि सासूबाई झाल्या वैदीण, कोयता घेऊन मागे राहायचं, जखमेला पाला लावायचा. खेळात नाव वेगळं घेतात, असं आरतीनं सांगितलं तर म्हणाल्या, "का गो? जनाबाईत काय खोट हाय?" झालं. खेळातही जनाबाईच.

मग सुट्टी संपली, आरती गेली आणि गोष्ट सांगायचं काम माझ्या गळ्यात. मी आपली दहावी शिकलेली. जाताना पोरीनं एवढंच बजावलं, "आई, झुंज बरोबरीची ठेव. त्या जिंकल्या पाहिजेत, पण घाम फुटला पाहिजे."

आता मला सांगा, हे सोपं आहे? पाहुण्याला किती तिखट सोसेल ते मला तोंडाकडे बघून कळतं, पण राक्षस किती सोसेल ते कसं कळायचं? आधी मी ठेंगू राक्षस आणले. चुलीवरचा चहा उकळायच्या आत रंगूनं सगळे कापून ठेवले आणि सासूबाई म्हणाल्या, "हे राक्षस का उंदीर?" म्हणून पुढच्या वेळी अजगर आणला, तर तो तिघींना एकदम गिळायला निघाला, कुणाकडे धड चिंचोके उरेनात. शेवटी मी सांगून टाकलं की अजगराला झोप आली. बारकी म्हणाली, "वयनी, आताच तं तो फुत्कारत व्हता." मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून वाघ मात्र मी मोजून-मापून केला. भाकरी थापताना वाघ, भाताच्या लावणीत वाघ, त्याचे चिंचोके किती, पंजा किती खोल, मनातल्या मनात तिघींशी लढवून बघितला, दरवेळी त्या जिंकायच्या, पण थोडक्यात. असा बरोबरीचा वाघ पुस्तकवाल्यांनाही जमला नसता! आरतीनं सांगून ठेवलं होतं की राक्षसाचा फासा सुपाआड टाकायचा, कुणाला दिसू द्यायचा नाही. मी म्हटलं, घरच्याच बायका, त्यांच्यापासून लपवायचं काय? सूप गेलं चुलीमागे.

आणि मी सांगितलं, "समोर वाघ." रंगूनं तलवार खाली ठेवली, बारकीनं बाण ठेवला. अहो, सिद्धगडच्या पायथ्याची माणसं आम्ही, वाघबारशीला रानाच्या तोंडाशी वाघोबा देवाच्या दगडाला शेंदूर मीच लावते, नैवेद्य मीच नेते... आणि सगळं मापलं, हेच तेवढं मापायचं विसरले! सासूबाई म्हणाल्या, "वाघोबावं कोयता उचलू?" आणि त्यांची वैदीण, जी मागे राहायची, ती सगळ्यांच्या पुढे गेली. इकडे पडवीत त्यांनी खरंच हात जोडले, डोळे मिटले.

आता पाळी वाघाची. पुस्तकात काय? जो जवळ असेल त्याच्यावर झडप. मी प्रामाणिक, टाकला फासा सगळ्यांच्या देखत, तर वीस, सगळ्यात मोठं दान! जोडलेल्या हातांपुढचे सगळे चिंचोके मी उचलले. सासूबाईंनी डोळे उघडले, समोर मोकळी जमीन.

"मी तं हात जोडलं व्हतं गो," त्या हळूच म्हणाल्या, "मंग त्यानं मला का खाल्ली?"

मी म्हटलं, आत्याबाई, मी नाही मारलं, फाशानं मारलं. त्या उठून आत गेल्या. तेव्हापासून चहा रंगूच्या हातचा. मी कप पुढे केला की म्हणायच्या, आताच झाला. आणि बारकीचं तोंड तुम्हाला माहीत नाही. तिनं विहिरीवर सांगितलं, जनाबाईला वाघानं खाल्ली, ते जीपमधून पार शेणव्याला, सासूबाईंच्या माहेरी पोचलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा भाऊ, देवजीमामा, गावच्या वाटेपासून रडत आला. ओट्यावर सासूबाई! म्हणाल्या, "बस, रडू नको. मेले ते खरं हाय. सुनेनं मारली." मामा बसला आणि मी दिलेला चहा त्यानं आधी हुंगून बघितला हो.

शेवटी धसईला जाऊन पीसीओवरून आरतीला फोन केला. म्हटलं, फाशापुढे माझं काय चालणार? तर पोरगी म्हणते, "अगं आई, वाघानं झडप घालायची की वळून जायचं, हे तूच ठरवायचं असतं." मीच! म्हणजे बघा, इतके दिवस मी फाशाच्या पदराआड लपले होते.

तशीच घरी आले, सासूबाईंसमोर बसले. म्हटलं, "आत्याबाई, तो वाघोबा नव्हता. तो वाघ मी केलेला, तुमच्या ताकदीच्या मापाचा. वाघोबा असता तर वळून गेला असता. मला सुचलं नाही." त्या तांदूळ निवडत राहिल्या. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "मंग तुला वाघ येत नाय."

"नाही येत."

"सूप आन हिकडं."

तर आता सुपाआड सासूबाई बसतात आणि समोर वैदीण मी, माझ्याच नावानं, हा त्यांचा नियम. चहा मात्र परत माझ्या हातचा घेतात, दोनदा मागून घेतात. वाघ येतो, आम्ही तिघी हात जोडतो. रंगूला हुंगून पुढे जातो, बारकीकडे तर बघतही नाही. मग माझ्यापुढे थांबतो. सुपाआड फासा खडखडतो. काय पडलं ते कुणालाच दिसत नाही... बरोबरीची झुंज म्हणे! माझे हात जोडलेलेच असतात आणि सासूबाई माझे चिंचोके ओंजळीत गोळा करत अगदी मायेनं म्हणतात, "मी नाय मारली गो. फाशानं मारली."