सुभेदारांसमोर विश्राम

माणूस गेल्यावरही त्याचा हुकूम कसा चालतो, ते मी दापोडीत पाहिलंय राव. पिंपरीत पहिले कारखाने उभे राहत होते, तेव्हा आमचे सुभेदार मेजर वारले. त्यांच्या पलटणीतले सहा पेन्शनर आले आणि तिरडीसमोर सावधान उभे राहिले, ते राहिलेच. ऊन चढलं, खांदा द्यायची वेळ झाली, तरी एकही जण हलेना.

मी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या हवालदारांच्या कानाशी म्हटलं, “चला की आता.”

ते मान न वळवता म्हणाले, “सायबांच्या म्होरं विश्रामचा हुकूम द्यायचा हक्क आमाला न्हाई.”

सुभेदारीणबाईंनी ते ऐकलं. त्या उठल्या, डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “विश्राम!”

तेव्हा कुठं ते सहाही जण रडले.