माईंचा रेडिओ नाही झाला

मी सलीम, नेवाशाचा, जन्म हितलाच, बाजाराच्या गल्लीतला, आन अब्बांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आमच्या घराच्या ओट्यावरच हुतं, म्हंजी मी पाळन्यात आसंल तवाबी भायेर कोनाचा तरी रेडिओ खरखरतच आसंल. दुसऱ्यांची पोरं माती खायची, मी कथलाची तार तोंडात घालायचो, अम्मी वराडायची. आता दुकानात मिक्सर येत्यात, पंखे येत्यात, रेडिओ कोन आनतो? पर गावात मला अजून रेडिओवाला सलीमच म्हनत्यात. म्हनत हुते, आसं म्हना.

वसंता आन मी एका वर्गातले. त्याचे वडील शाळंत मास्तर, आन त्याच्या आईला सगळं गाव माई म्हनतं. ईदला आमच्या घरातून शिरखुर्म्याचा पहिला डबा माईंकडं जानार, आन संक्रांतीला माईंच्या तिळाच्या वड्या पहिल्या आमच्याकडं येनार, आसं हुतं बघा. अम्मी दवाखान्यात हुती तवा मी माईंच्या सैपाकघरात जेवलोय, त्यांच्या हातचं, वसंताच्या ताटाला ताट लावून. ते इसरायचं म्हनलं तरी इसरता येत न्हाई.

मास्तरांनी त्या काळात मोठा रेडिओ घेतलेला, टेबलावरचा न्हवं, जमिनीवर उभा ऱ्हानारा, कपाटायेवढा, सागवानी, म्होरं जाळीचं कापड आन वरती हिरवा डोळा. तुमाला ठाव न्हाई व्हय हिरवा डोळा? आवो, काचंची नळी आसती ती, रेडिओ तापला की हिरवी पेटती, आन काटा बरोबर स्टेशनावर आला की मिटत येती. माई काय म्हनायच्या, डोळा मिटला रे, लागलं पुणं! त्या लई हसायच्या तवा. मास्तर गेल्यावर रेडिओ मागच्या खोलीत गेला, उंदरांनी कापड खाल्लं, वायरी खाल्ल्या, कोन बघतंय.

तर मागल्या थंडीत वसंता दुकानात आला, चहा मागवला, आन म्हनला सल्या, माईचं आता काही खरं नाही रे, सारखी म्हणते एकदा तेवढा रेडिओ ऐकायचाय, तुझ्याशिवाय कोण करणार. काय सांगू तुमाला, माईंचं नाव निघालं आन मी फुडं काय इचारलंच न्हाई. म्हनलं टाक आनून.

लई जीव लावला मी त्याला. सगळे कंडेन्सर बदलले, भोंग्याचा कागद फाटलेला तो पातळ कागदानं सांदला, लाकूड घासून चपड्याचं पॉलिश मारलं, पार तोंड दिसंल आसं. पुन्याच्या जुन्या बाजारातून व्हॉल्व आनले. पर हिरवा डोळा काय मिळंना. कुटंच मिळंना. आन एक हुता, घरात, अब्बांच्या सोताच्या रेडिओत, रोज पेटनारा. बायको म्हनली आवो, अब्बांची निशानी हाय ती, तिचा डोळा काढताय व्हय? मी म्हनलं अगं माईंसाठी हाय. काढला मी.

आता आमच्या अब्बांचा एक नेम हुता, नीट आयका. मोठा रेडिओ दुकानातून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा न्हाई. आपन त्येच्या घरी जायाचं, एरियल बांधायची, अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पानी वतायचं, आन पहिलं बटन त्या घरातल्या थोरल्या मानसानं फिरवायचं, मेकॅनिकनं न्हाई. मी तर धुतलेला शर्ट घालून बसल्तो. वसंता टेम्पो घेऊन आला आन म्हनला आज नको रे, माईला ताप आहे, उद्या बोलावतो, तिच्या हातानंच सुरू करू. मी म्हनलं बरं. रेडिओ टेम्पोत चढवून तो एकटाच गेला. दुसऱ्या दिशी म्हनला डॉक्टरनं बाहेरच्या माणसांना सोडू नको म्हटलंय. मी म्हनलं बरं. बाहेरचा मानूस! तवाच डोक्यात उजेड पडाय पायजे हुता, पर वसंतावर शक कोन घेनार? सोतावर घेतला आसता आधी.

ईद आली, डबा घेऊन मी गेलो. माई खाटेवर, चांगल्या हसत हुत्या, ताप न्हाई न् काय न्हाई. मी रेडिओ शोधतोय, तर रेडिओ कुटंच न्हाई. तेवढ्यात माईंनी माझा हात धरला, म्हनल्या सलीम, वाईट वाटून घेऊ नकोस रे, नाही झाला तर नाही झाला, वसंतानं सांगितलं मला, तू फार खटपट केलीस म्हणे, शेवटी तूच म्हणालास भंगारात द्या. तुझे वडील असते तर केला असता त्यांनी, पण जाऊ दे.

मी वसंताकडं बघितलं. तो दारात उभा, मोबाईलमधी तोंड घालून.

आरं, जिभंवर आल्तं माझ्या सगळं! पर माईंना न्हाऊ कोन घालतं, गोळ्या कोन देतं, रातीला हाक मारली तर उठतं कोन? त्योच. ह्या वयात त्यांचा लेक त्यांच्या नजरंतून उतरवू का मी? म्हनलं व्हय माई, न्हाई जमलं माझ्याच्यानं.

भायेर आल्यावर कॉलर धरली त्याची. तर सुप्याच्या रोडला एक हाटेल हाय, जुन्या वस्तू मांडून ठेवल्यात, त्या मालकाला इकला म्हनं, त्याला चालूच पायजे हुता. आरं मंग इक ना, तुझा माल हाय, माझं नाव कशाला घेतलं? तर काय म्हनावं त्यानं? म्हनला सल्या, दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर माई म्हणाली असती सलीमकडे ने. तुला नाही जमलं म्हटल्यावर ती गप्प बसली. केसानं गळा कापला हो माझा. लोकांनी मला चांगला कारागीर म्हनावं म्हून जल्म घातला, आन त्येच ह्यानं वापरलं.

मंग पुन्याला पोरीकडं जाताना त्या हाटेलात उतरलो. हुता कोपऱ्यात, वर कुंडी ठेवलेली. वेटरला म्हनलं जरा लाव की. म्हनला बाबा, शेठनी हात लावायचा न्हाई म्हनलंय, फोटो काढा पायजे तर. वायर गुंडाळून मागं टाकलेली. अब्बांचा डोळा काळा पडल्याला. चहा न पिताच निघालो.

वसंताशी बोलत न्हाई मी आता. माईंकडं जातो, तो कामावर आसतो तवा. माई आल्या-गेल्याला सांगत्यात, सलीम गुणाचा आहे पण वडिलांसारखा हात नाही हो त्याचा. रागानं न्हाई, मायेनं सांगत्यात. आन निघताना माझा हात दोनी हातात घेत्यात, म्हनत्यात देव तुझ्या हाताला यश देवो रे बाळा.

मी म्हनतो आमीन, माई.