फ्रीज, जनरेटर आणि ताईचं वजन

हॅलो? … हां, बोल ताई. गॅरेजमध्येच आहे. गाडीखाली होते, हात काळे झालेत, फोन खांद्यात धरलाय. … कोणाची पिकअप? तुमची? तिला काय झालं आता?

… मागून बसते? बसेल नाही तर काय करेल बिचारी! … हो, हो… अगं ऐक ना. स्वारीनं कॅम्पिंगचं सामान भरलं की मागचे स्प्रिंगचे पाटे झोपतात, एवढंच ना? … आत्ताही भरून दारात उभी आहे? बरं.

… दोन पाटे वाढवून हवेत. … शॉकअपही जाड. … आणि गाडी तीन इंच उंच? कशाला, शिडी लावून चढणार का? … 'रुबाब दिसतो'? मागून सांगतायत ना भाऊजी? ऐकू आलं मला.

हे बघ, पाटे वाढवले की ते कायमचे कडक. सामान दोन दिवस, उरलेलं वर्ष गाडी रिकामी. ऑफिसला जाताना खड्ड्याखड्ड्यात दात वाजतील त्यांचे. … त्यापेक्षा मागे हवेच्या पिशव्या टाकू. सामान भरलं की हवा भरायची, उतरवलं की सोडायची. … जमेल की! हवा करण्यात तर हातखंडा आहे त्यांचा. … हसू नकोस, ऐकतील.

आता वजन सांग. … अंदाज नको, यादी वाच. … टपावरचा तंबू, साठ किलो. हं. … पाणी ऐंशी लिटर? राहायला चाललेत की पोहायला? … फ्रीज. … जनरेटर. तो कशाला? … फ्रीजसाठी! आणि फ्रीज कशाला? … माहीत नाही. छान.

… माणसं? … भाऊजी आणि त्यांचा मित्र. … आणि तू? … ताई, तू यादीत कुठं आहेस?

… 'गाडीला वजन जास्त होतं' म्हणाले? … गेल्या वर्षीही हेच? आणि तू बसलीस घरी? लग्नाआधी पाठीवर पिशवी टाकून डोंगर पालथे घालायचीस गं तू! … नाही, मला राग आलाय. येणारच.

… नीट ऐक. पाटे टाका नाही तर पिशव्या, गाडीची वजन न्यायची हद्द वाढत नाही. ब्रेक तेच, टायर तेच. काहीतरी उतरवावंच लागणार. … तुझं वजन किती? … छप्पन्न. आणि फ्रीज, जनरेटर मिळून? … खोक्यावर लिहिलेलं असेल, बघ. … अठ्ठावन्न! म्हणजे तू दोन किलोंनी हलकी!

… काय म्हणालीस? 'त्यांच्यापुढे माझं वजन नाही'? … दे. फोन दे त्यांना.

… नमस्कार भाऊजी! … टाकते ना पिशव्या, उद्याच. … नाही, उंची नाही. पण एक अट. फ्रीज-जनरेटर उतरवायचे, बाकी गाडी अशीच भरून आणायची आणि ताई पुढच्या सीटवर हवी. ती दिसली नाही तर मी पान्याला हात लावणार नाही. … मित्र बसेल मागे. … गार पाणी? माठ न्या. … मस्करी? गाडीच्या वजनात मी मस्करी करत नाही, भाऊजी. … काय? … हॅलो?

… ताई, तू? ते कुठं गेले? … मित्राला फोन लावायला? लावू दे. … कसला आवाज येतोय गं? … फ्रीज उतरतोय? अरे वा, लवकर शहाणे झाले! … ते नाही? मग कोण? … तू? एकटी? फोन खांद्यात धरून? अगं कमरेत वाकू नकोस, गुडघे… … ताई? … काय पडलं? … फ्रीज? … तू ठीक आहेस ना? … हसतेस काय? … हॅलो? हॅलो?