बंगला उघडायचा म्हंजे

मी मूळची मानदेशातली, म्हसवडच्या पलीकडची. आमची मेंढरं हुती, आन पान्याचं म्हनाल तर काय सांगू तुम्हाला, आंगूळ करायची ती बी दगडावर बसून, खाली घमेलं ठिवून, मंग त्या घमेल्यातलं पानी लिंबाच्या झाडाला. असल्या गावची मी, आन नशिबानं आनून टाकलं कुठं बगा, ह्या कोयनंच्या पान्याकडंला. दारात उभं राहिलं की नजर पुरंस्तवर पानीच पानी. आमचं मालक बांधकामावर मुकादम हुतं, ह्यो बंगला त्यांनीच उभा केला, आन झाल्यावर शेट म्हनले आता जाताय कुठं, ऱ्हावा हितंच, राखन करा. मागं खोली दिली. त्या खोलीत माझ्या पोरी वाडल्या, तितनंच नांदाय गेल्या. आता आमी दोघंच.

शेट विट्याकडचे. तिकडची मानसं सोन्याच्या गलाईचं दुकान टाकाय कुठल्या कुठं जात्यात, जुनं सोनं वितळवून चोख करून द्यायचं, ह्यो त्यांचा धंदा. आमचे शेट केरळात गेले. बंगला बांधला हौसंनं, पर येनं म्हंजे गावच्या जत्रंला आले तर एखांदी चक्कर, ती बी दोस्तमंडळी घिऊन. वैनी, म्हंजे त्यांच्या मंडळी, त्या कवा आल्याच न्हाईत. त्यांला दुकानातनं पाय काडाय व्हयना.

तर ह्या चैतात, शुक्रवारी दुपारी, मी भाकरी थापतीया आन फोन वाजला. शेट म्हनले शालन, आमी जत्रंला आलोय, सांजच्याला तिकडं येतूय, शनिवार-ऐतवार राहनार, दोघंच. म्या म्हनलं वैनी पन? व्हय म्हनले, आन मंग आवाज बारीक करून म्हनले, शालन, नीट आईक, पोरं म्हनत्यात बंगला इकून टाका, गिऱ्हाईक बी आलंय. वैनीला पसंत पडला तर ऱ्हाईल, न्हाईतर काय खरं न्हाई. आता माझ्या हातात काय ठिवलं न्हाई पोरांनी.

तव्यावरली भाकरी करपली बगा. आवं, बंगला गेला म्हंजे आमी पन गेलोच की. नवा मालक काय मागल्या खोलीसकट म्हातारा-म्हातारी इकत घेनार हाय व्हय?

आन बंगला कसा, तर संक्रांतीपस्नं बंद. एरवी मी महिन्याला उघडायची, वारं खेळवायची, पर मालकांचा पाय मोडला, शिडीवरनं पडले, त्यांचं करता करता राहून गेलं. दार उघडलं आन असला वास आला, मी उलटी भाईर. वटवागळानं पडद्यामागं संसार मांडलेला, कुंभारीन माशीनं भिताडाला मातीची घरं केल्याली, एका गादीत उंदरीन बाळंत झालेली. मालकांला खुर्चीत घालून अंगनात बसवलं, पलस्तर हुतं मांडीपतूर. ते बसल्या जागी हुकूम सोडत्यात, शालन आदी खिडक्या, शालन आदी गाद्या उनात, शालन तो पंखा बग. म्या म्हनलं आवं, दोन हात हायती मला, का तुमच्या तोंडाएवडं काम करू?

मंग मोटार. चैतात पानी खाली सरकतं, पाइपाचं तोंड चिखलात उघडं पडलेलं, मोटार नुसती बोंबलतीया. एरवी हे काम मालकांचं. आता मीच लुगडं खवून चिखलात उतारली, गुडघ्यापतूर गेली, पाइप ओढत ओढत पान्यात नेला, आन वरनं मालक वरडत्यात, डावीकडं न्हे, आगं डावी, तुझी डावी न्हवं माझी डावी! दोनदा आपटली. पर पानी आलं, टाकीत पडल्याला आवाज आला तवा म्या त्या चिखलातनंच कोयनामाईला हात जोडलं.

झाडलं, फरशा पुसल्या, चादरी घातल्या, गॅस लावून बगितला. आन ज्याला काय करनं झालं न्हाई, फुटक्या खुर्च्या, जुनी पोती, ती उंदराची गादी, समदं मागच्या अडगळीच्या खोलीत कोंबलं आन कडी घातली. तवर गाडी वळली.

वैनी उतरल्या. बारीक चनीची बाई, सादं पातळ, कपाळाला ठसठशीत कुकू. सगळा बंगला हिंडल्या, चांगलं हाय म्हनल्या, आन व्हरांड्यात खुर्चीच्या कडंला बसल्या, दवाखान्यात नंबर लावून बसत्यात तशा. शेट म्हनत्यात बग कसं पानी हाय. बगितलं म्हनल्या. आराम कर जरा. करतीया की म्हनल्या. च्या झाला, जेवान झालं, बाईला काय चैन पडंना. भांडी घासाय आल्या, म्या म्हनलं आवं वैनी, न्हाई, तुमी बसा. तर त्या शेटला म्हनल्या, उद्या सकाळी जाऊया विट्याला, हितं करायचं काय मी?

शेटचं तोंड उतरलं. मालकांला सांगितलं तर ते म्हनले, गाशा गुंडाळ आता. म्या म्हनलं तुमी तेवडं अवलक्षनी बोलू नगा.

सकाळी च्या घिऊन गेली, तर वैनी खोलीत न्हाईत. शेट घोरत्यात. मागनं खरखर आवाज आला. बगती तर अडगळीच्या खोलीची कडी काडलेली! म्या म्हनलं मेलो आता, बाईनं समदी घान बगितली. आत डोकावली तर वैनी पदर खवून, डोक्याला फडकं बांदून, झाडतीया. तोंडावर असलं समाधान, जनू माहेरी आलीया. केराचा ह्यो ढीग. मी धावत गेली, सुपलीत भरला, आन भाईर टाकाय निघाली तर वैनी केवढ्यांदा किंचाळली, आगं टाकू नगंस!

मी जाग्यावर थिजली. त्या पन. आन मंग काय झालं, वैनीला जे हासू फुटलं ते थांबंना, भिताडाला टेकून खालीच बसली बाई. म्हनली, शालन, आमच्या धंद्यात केर टाकत न्हाईत गं. सोन्याचा कन न् कन त्यात असतू. दुकान झाडायचं, केर पोत्यात भरायचा, वरसानं जाळून त्यातनं सोनं काडायचं. हात धुतल्यालं पानी पन टाकायचं न्हाई. लगीन हून गेली तवापस्नं ते मीच करतीया, दुसऱ्यावर भरवसा न्हाई ना. माझा हातच थांबतू बग आपसूक.

म्या म्हनलं अरं देवा. आन तेवढ्यात त्यांनी फरशी पुसलेल्या पान्याची बादली उचलली, मोरीत वताय, तर आता मी किंचाळली, आवं वैनी, वतू नगा! ते पानी कडीपत्त्याला घालायचं हाय! वैनी खिडकीतनं त्या एवड्या मोठ्या पान्याकडं बगतीया, मंग बादलीकडं, मंग माझ्याकडं. म्हनली, शालन, तू बी माझ्याच जातकुळीची दिसतीयास. आमी दोघी असल्या हासलो, शेट उगडेच पळत आले, त्यांला वाटलं साप निघाला.

मंग वैनी उठल्या, सुपली हातात घेतली. म्हनल्या, चल. कुंपनाच्या कडंला उतारावर गेलो, खालनं वारं येत हुतं. जरा येळ तशाच उभ्या राहिल्या, हात पुडं जाईना बाईचा. म्या म्हनलं टाका वैनी, ह्यात काय न्हाई, नुसता उंदराचा कापूस हाय. आन त्यांनी टाकला. असा झटक्यात उधळला, निम्मा आमच्याच अंगावर आला. वैनीच्या डोळ्यात पानी. म्हनल्या, शालन, लगीन झाल्यापस्नं पयल्यांदा म्या केर टाकला. लय हलकं वाटलं गं. मलाच भरून आलं, म्या त्यांचा हात धरला, मालकीनबाईचा हात धरावा का न्हाई असं काय मनात पन आलं न्हाई.

ऐतवारी शेट गाडीत बसले, हॉर्न वाजवत्यात. वैनी व्हरांड्यात जाळी काडत हुत्या, तितनंच म्हनल्या, तुमी व्हा पुडं, अजून माळा राहिलाय माझा. आन त्या गिऱ्हाईकाला सांगा, दुसरं बगा म्हनावं. शेट माझ्याकडं बगून असं हासले! आमचं मालक तर पलस्तर इसरून उभंच ऱ्हायाला निगाले.

आता वैनी महिन्या-दोन महिन्याला येत्यात, केरळातनं आगीनगाडीनं. दुकान सुनंकडं दिलंया. देव त्या माऊलीला शंभर वर्सं आयुष्य देवो, आमच्या डोक्यावरलं छप्पर तिनं राखलं. आज पन येनार हायती. सकाळीच फोन आला, म्हनल्या शालन, येतीया मी, पर झाडू नगंस, खबरदार, माझ्यासाठी ठिव. म्हनून तर अशी निवांत बसलीया तुमच्यासंगं बोलत. आवं, च्या घ्या की, गार व्हतूय.