पडद्यामागचे राजे

बीडच्या मोटारअड्ड्यावर वैजिनाथ आष्टीच्या मोटारीची वाट पाहत होता. शेजारच्या ओट्यावर दोघी बायका बसल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध एक उपवर लेक, डाव्या हाताला फडकं बांधलेली.

"पोरीच्या हाताला काय झालं गं, नीलाबाई?"

"डावखुरी हाय, गंगासागर. उद्या पाहुणे येतेत. डाव्या हातानं वाढलं की सोयरीक मोडली."

"कावून मोडंल? जत्रंतल्या तंबूत मी समदे बायस्कोप पाहिलेत. देवादिकांचे लई लांबतेत, गोऱ्या साहेबाच्या पडापडीचा हसवनारा चिमुकला तेवढा झ्याक. पन राजे-राण्या समदे डाव्याच हातानं जेवतेत!"

"खरंच का?"

"आमा बायांना पडद्याच्या मागं बसवितेत, अगदी जवळ. समदं नीट दिसतं. हे दादा बी तंबूत असतेत, विचार की."

"काय हो दादा, खरं हाय का?"

वैजिनाथ दरवेळी पुरुषांत, पडद्यासमोर बसे. तिथून साऱ्या राजांचे उजवेच हात ताटात जात; मागून तेच चित्र उलटं दिसे. त्यानं त्या बांधलेल्या हाताकडं पाहिलं.

"बिलकूल खरं, माय. एका राणीनं तर महादेवाला बेल बी डाव्याच हातानं वाहिला."

नीलाबाईनं फडक्याची गाठ सोडली. पोरीनं बोटं हळूच उघडली, मिटली.

"बघ," गंगासागर म्हणाली, "समोरून बी तसंच दिसतं!"