उष्टी क्षमा

—तेच म्हणतोय की चमनभाई, ह्या घरच्या ग्रुपातनं मला भाईर काढा. कायमचं. फोन दुरुस्तीला आणल्याला न्हाय तुमच्या दुकानात; फोनला काय झाल्यालं न्हाय, माणसं बिघडल्यात! हे बघा, रोज सकाळ झाली की गुलाबाचं फूल, च्याचा कप, आन् खाली 'शुभ सकाळ आप्पा'. आमच्या सम्मेदचं हाय हे, माझ्या ल्योकाचं, अमेरिकेत असतोय त्यो. तिकडं असती रात्र, आन् ह्यो मला सकाळ देतोय! मागनं लगेच वारणानगरचा पुतण्या, वृषभ — त्याचं बी फूल. अरं गड्या, तू एसटीनं तासाभराच्या वाटंवर ऱ्हातोस, दारात येऊन उभा ऱ्हा की! न्हाय. अंगठा धाडला की झालं नातं. आपल्यात अंगठा दाखीवणं म्हंजे काय असतंय ठावं हाय न्हवं? — बरोब्बर. तेच करत्यात सगळी.

हसताय काय, म्होरं ऐका. काल आमची जैनांची क्षमावाणी. तुमी बघितलंय आमच्या गल्लीत — पर्युषणाचं धा दिस झालं की घरोघरी जायाचं, हात जोडायचं, 'उत्तम क्षमा' म्हणायचं. वरीसभर ज्याचं तोंड बघितलं न्हाय त्याच्या दारात आधी. थोरला-धाकला काय न्हाय. माझी बायकू, राजमती, तर गुडघं धरून जिनं चढायची. आन् ह्यो तिचा ल्योक काय करतोय? हात जोडल्याला फोटू! वर काय लिवलंय ते वाचा — 'अनेकदा फॉरवर्ड केलेला'. म्हंजे कुणी कुणाला मागिटल्याली क्षमा, ती ह्यानं उचलली आन् बापाच्या पानात वाढली. उष्टी क्षमा, चमनभाई! उष्टी!

कशाची मागायची म्हणता? राजमती फाल्गुनात गेली. ह्यो आला न्हाय. पंचगंगेच्या घाटावर वृषभनं फोन धरल्याला, ह्यो त्यात बघत हुता — मधीच रेंज गेली, चाक गरागरा फिरत बसलं, आन् हिकडं मी अग्नी दिला. यायला नको हुतं त्यानं? — रजा, व्हिसा, तिकीट, ते मला सांगू नका, सगळं ठावं हाय मला. मीच म्हटल्यालं त्याला, 'येऊ नकोस, पोचायचा न्हाईस, येऊन तरी काय करणार.' म्हणत असतंय की माणूस! म्हटलं म्हणून यायचं न्हाय व्हय?

बरं, ते सोडा. काढा मला ग्रुपातनं. — थांबा, थांबा. त्याच्या आधी एक बघा. हितं, ग्रुपात न्हवं, माझ्या एकट्याच्या नावावर आलतं. 'हा मेसेज हटवला गेला.' ह्यो परत आणता येतोय काय? काल बस्तीतनं, आमच्या देवळातनं, दर्शन करून आलो, चष्मा शोधत हुतो, तवर फोनवर वरच्या पट्टीत दिसलं — 'आप्पा, आईच्या येळी मी' — एवढंच. तेवढ्यात दारात झुंबरबाई, शेजारची, हात जोडून. क्षमा मागायला आलेल्या बाईला थांब म्हणता येतंय व्हय? बसली, बोलली, राजमतीची आठवण काढून रडली, गेली. येऊन बघतोय तर पुसल्यालं. आन् त्याच्या खाली त्यो फोटू. — न्हाय येत? येवढं दुकान थाटलंय, काचा बदलताय, आन् माझ्या दोन वळी परत आणता येत न्हाईत? काय उपेग तुमचा!

मी लिवू? मी? त्यानं पुसायचं आन् मी लिवायचं? — थोरला-धाकला न्हाय असं मीच म्हटलं, व्हय, म्हटलं. लई ध्यान देऊन ऐकताय की! बरं, लिवा. तुमीच लिवा, माझी बोटं भलतीकडं पडत्यात. 'सम्मेद, येऊ नको असं मीच म्हटलं हुतं. तवा बाळा, माझी तुला उत्तम' — अरं, धाडलासा काय? धाडा म्हटलतं मी? पुसा! पुसा आधी! बाप हाय मी त्याचा! — पुसलं? पुसलं न्हवं? मग आता त्याला तिकडं काय दिसंल? — तेच व्हय? 'हटवला गेला'? पुसल्यालं बी दिसतंय?

दिसू दे. त्याला बी कळू दे कसं वाटतंय ते. आणा हिकडं फोन. — ग्रुपाचं? ऱ्हाऊ दे आता. उद्या सकाळी फूल येतंय का न्हाय, तेवढं बघायचं हाय.